वाचकांचे प्रश्न : ओंजळ, कावड आणि वारेतलं कॅल्शियम

मागच्या अंकात गरोदरपणाबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज लिहून गेले होते : ‘आईच्या रक्तातलं कॅल्शियम वारेतून झिरपत बाळाकडे जातं.’ या ‘झिरपत’ने माझी चांगलीच फजिती केली. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्याच शब्दावर आहेत, म्हणून या वेळचं सदर सगळं वारेला आणि कॅल्शियमला देऊन टाकते. आधी एक खुलासा. वार आणि नाळ यांची आपण बोलताना सर्रास गल्लत करतो. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीला जोडलेली दोरी. वार म्हणजे ती दोरी ज्या मांसल चकतीतून निघते, ती चकती, पुस्तकातली ‘अपरा’. मी पुढे ‘वार’च म्हणणार आहे.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. झिरपणं म्हणजे जास्तीकडून कमीकडे जाणं. पण बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त कॅल्शियम असतं, असं माझ्या डॉक्टर मुलीने सांगितलं. मग तुमचं ‘झिरपत’ कसं टिकतं?

टिकत नाही. चूक माझी, आणि ती पकडणारी मुलगी तुमची, तेव्हा दोघांचंही अभिनंदन.

गर्भाच्या रक्तातलं कॅल्शियम खरोखरच आईच्या रक्तापेक्षा जास्त असतं. म्हणजे वार हे काम चढावर करते. एवढंच नाही, आईचं कॅल्शियम थोडं घसरलं तरी बाळाची पातळी सहसा तिच्यामागोमाग घसरत नाही. ही चढण राखायला गर्भ स्वतःच एक संप्रेरक वापरतो. त्याचं नाव लांबलचक आहे, परावटू संप्रेरकाशी साधर्म्य असलेलं प्रथिन. (परावटू म्हणजे गळ्यातल्या चिमुकल्या ग्रंथी; त्यांचं संप्रेरक रक्तातलं कॅल्शियम सांभाळतं.) इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएचआरपी. गंमत म्हणजे ते सापडलं १९८७ मध्ये आणि कॅन्सरच्या गाठींमध्ये. काही कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम बेसुमार का वाढतं, याचा शोध चालू होता. पुढे १९९६ मध्ये हे प्रथिन नसलेल्या उंदरांवर काम झालं, तेव्हा त्यांच्या गर्भांत ती चढणच नाहीशी झालेली दिसली. गाठीने जे उचललं होतं ते गर्भाचं जुनं हत्यार होतं.

आईचं स्वतःचं परावटू संप्रेरक मात्र वार ओलांडत नाही. तिचा कारभार वेगळा, बाळाचा वेगळा.

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी. पुस्तकात लिहिलंय की वारेतल्या पेशींमध्ये कॅल्बिंडिनसारखी कॅल्शियमला बांधणारी प्रथिनं असतात आणि ती कॅल्शियम ‘वाहून नेतात’. पण कॅल्शियमचा आयन तर एवढासा. प्रथिन त्याच्यापेक्षा शेकडो पटींनी जड. एवढ्या हलक्या प्रवाशाला एवढं जड वाहन कशाला? तो एकटा लवकर नाही का पोचणार?

हा प्रश्न मला विद्यार्थीदशेत पडायला हवा होता. पडला नाही. मी पाठ करून मोकळी झाले.

अडचण अंतराची नाही, अडचण आत राहण्याची आहे. आईच्या रक्तात मोकळं कॅल्शियम लिटरला साधारण सव्वा मिलिमोल असतं. पेशीच्या आत ते त्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा. पेशी हा फरक जिवापाड जपते, कारण आत कॅल्शियम हा निरोप्या आहे. ते जरा वाढलं की स्नायू आकुंचन पावतो, ग्रंथी स्राव सोडते, आणि फारच वाढून तसंच राहिलं तर पेशी मरते. त्यात पेशीत फॉस्फेट भरपूर. दोघांची गाठ पडली की खडा तयार व्हायला वेळ लागत नाही.

आता वारेवरच्या पेशींच्या थराची अवस्था बघ. सिन्सिशियोट्रोफोब्लास्ट हे त्याचं नाव. यात पेशी एकमेकींत विरघळून सलग एकच पडदा झालेला असतो; मधल्या भिंती नाहीत, केंद्रकं मात्र असंख्य. दिवस भरताना त्याचं क्षेत्रफळ ११-१२ चौरस मीटर होतं. या पडद्याची एक बाजू आईच्या रक्तात बुडालेली, दुसरी बाळाच्या केशवाहिन्यांकडे तोंड करून. शेवटच्या आठवड्यांत यातून रोज ३०० ते ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम पार व्हावं लागतं, म्हणजे तासाला चौदा मिलिग्रॅमच्या आसपास. आणि हे होत असताना आतलं मोकळं कॅल्शियम वाढताही कामा नये.

म्हणून ओंजळ आणि कावड. ओंजळीत पाणी घेऊन माणूस भराभर धावू शकतो, पण ओंजळीत मावणार किती? कावडवाला सावकाश चालतो आणि तरी दिवसाअखेर रांजण त्याचाच भरतो. मोकळा आयन ही ओंजळ. तो चपळ खरा, पण पेशी मोकळ्या आयनांची संख्याच वाढू देत नाही, त्यामुळे एकूण वाहतूक तोकडी राहते. प्रथिनाला चिकटलेलं कॅल्शियम संथ चालतं, पण मोकळ्यापेक्षा ते कितीतरी पट असू शकतं आणि पेशीला त्याचा त्रासही नाही, कारण बांधलेलं कॅल्शियम निरोप देत नाही.

मार्ग असा. आईकडच्या बाजूला टीआरपीव्ही६ नावाची दारं आहेत. तिथून कॅल्शियम आत घुसतं. हा भाग उताराचा, फुकटचा. आत शिरताच कॅल्बिंडिन आणि त्याची भावंडं ते पकडतात. पलीकडच्या कडेला पंप बसलेले आहेत, ते एटीपी हे पेशीचं इंधन जाळून कॅल्शियम बाळाच्या बाजूला ढकलतात. चढण सगळी तिथे. आणि या पंपाला जोर कोण देतं? कॅल्मोड्युलिन, म्हणजे पुन्हा कॅल्शियम बांधणारं एक प्रथिनच. चार कॅल्शियम धरून ते पंपाला चिकटतं आणि पंप वेग घेतो. एक भाऊ ओझं वाहतो, दुसरा मुकादम आहे.

आता ‘कॅल्बिंडिन-डी९के’ आणि ‘कॅल्बिंडिन-डी२८के’ या पुस्तकातल्या नावांबद्दल. कॅल्बिंडिनच्या नावातला ‘डी’ हा ड जीवनसत्त्वाचा. वॉसरमन आणि टेलर यांनी १९६६ मध्ये कोंबडीच्या पिल्लाच्या आतड्यात ड जीवनसत्त्वाने वाढणारं असं प्रथिन दाखवलं, तिथून हे घराणं सुरू झालं. ९ आणि २८ हे आकडे किलोडाल्टन या रेणूंच्या मापातलं वजन. दोन्ही प्रकार माणसाच्या वारेत दिसलेले आहेत. कॅल्शियम धरण्याची जागा या सगळ्यांत एकाच घाटाची, तिला ईएफ-हँड म्हणतात. क्रेट्सिंगर यांनी १९७३ मध्ये कार्प माशाच्या स्नायूतल्या प्रथिनाची रचना पाहून ते नाव दिलं : ई नावाचा पीळ म्हणजे उजव्या हाताची तर्जनी, एफ हा अंगठा, आणि मधल्या बेचक्यात कॅल्शियम. लहान कॅल्बिंडिनला असे दोन हात, कॅल्मोड्युलिनला चार. मोठ्या कॅल्बिंडिनला सहा, पण त्यातले चारच कामाचे. उरलेले दोन शोभेचे म्हणायचे की आणखी कशाचे, ते तू शोध.

इथपर्यंत वाचून कावडीची गोष्ट पक्की वाटली असेल, तर आता तिला एक धक्का देते. २००६ मध्ये लहान कॅल्बिंडिन मुळीच नसलेले उंदीर तयार केले गेले. ते जन्मले, वाढले, त्यांना पिल्लं झाली. रक्तातलं कॅल्शियम इतर उंदरांसारखंच. कावड काढून घेतली आणि रांजण तरी भरला! यावर दोन प्रकारची मंडळी आहेत. एक म्हणतात, हे प्रथिन वाहतुकीला लागतच नाही. दुसरे म्हणतात, एक कावडवाला गेला तर दुसऱ्यांनी खांदा दिला. मी दुसऱ्यांतली. इतकी कॅल्शियम बांधणारी प्रथिनं एकाच पडद्यात असताना एकाच्या जाण्याने वाहतूक थांबली असती, तरच मला नवल वाटलं असतं. पण परीक्षेत ‘वाहून नेतात’ असं ठामपणे लिहिण्याआधी त्या उंदरांची आठवण ठेव.

प्रश्न : वार ही नेमकी कोणाची? आईची की बाळाची? आमच्या घरात यावर पैज लागली आहे.

बाळाची. आईच्या गर्भाशयाच्या अस्तराचा थोडा भाग तिला लागून येतो, पण ज्या पडद्याबद्दल वर लिहिलं तो बाळाच्याच जनुकांवर चालतो.

पैजेपुरतं एवढं पुरे. पण याचा एक सणसणीत पुरावा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. टीआरपीव्ही६ या दाराचं जनुक आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं आलं, तर बाळाच्या वारेला ते दार नीट नसतं. आईच्या रक्तात कॅल्शियम व्यवस्थित, आहार व्यवस्थित, आणि बाळ उपाशी! अशा बाळांबद्दलचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतः हाडं विरळ, बरगड्या नाजूक, छाती अरुंद म्हणून श्वासाला त्रास, आणि रक्तात परावटू संप्रेरक चढलेलं, कारण शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम खरवडत होतं. जन्मानंतर पुढचं सगळं काम आतड्याकडे येतं आणि योग्य उपचार मिळाले की ही मुलं सुधारत जातात. वारेने जे अडवलं ते आतड्याने बऱ्यापैकी भरून काढलं. आतड्यातही तेच दार असतं. पण आतड्यात कॅल्शियमला पेशींच्या फटींतून जायची आडवाट आहे.

अशा बाळाच्या आईला ‘तू नीट खाल्लं नाहीस’ म्हणणाऱ्यांना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा.

प्रश्न : मला ३६ वा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘प्लॅसेंटा ग्रेड ३, कॅल्सिफिकेशन’ असं आलं आहे. सासूबाई म्हणतात, कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन खाऊन वार दगड झाली, आता बंद कर. बंद करू का?

मनाने बंद करू नका.

या ‘ग्रेड’ वारेच्या दिसण्याच्या आहेत. ग्रॅनम आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ही ० ते ३ अशी प्रतवारी सुचवली. ३ म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर वारेचे कप्पे पांढऱ्या कडांनी वेगळे दिसतात. दिवस भरत आले की निरोगी वारेतही असे कॅल्शियमचे कण साठतात. केस पांढरे होण्यासारखं समजा. तुमच्या आठवड्यात हे दिसणं म्हणजे काही आक्रीत नाही. ३२ आठवड्यांच्या आत ग्रेड ३ दिसली, तर मात्र डॉक्टर जास्त लक्ष देतात : रक्तदाब, धूम्रपान, बाळाची वाढ, गर्भजल, नाळेतला रक्तप्रवाह हे सगळं बघतात.

आता गोळ्यांचं. तुम्ही गोळी घेतली म्हणून रक्तातलं कॅल्शियम वाटेल तसं वर जात नाही. नको असलेलं आतडं शोषत नाही आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं. वारेतले ते कण वारेच्या म्हातारपणाचे आहेत, ते तुमच्या गोळीच्या डबीतून आले असं मानायला आधार नाही. उलट ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे अशा स्त्रियांना गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार टाळायला त्याची मदत होते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अशा ठिकाणी दिवसाला दीड ते दोन ग्रॅमची शिफारस केली होती. एवढ्या गोळ्या गिळणं जिकिरीचं. २०२४ मध्ये भारत आणि टांझानियातल्या प्रत्येकी ११ हजार पहिलटकरणींवरचे अभ्यास प्रसिद्ध झाले; त्यांत या विकाराच्या बाबतीत ५०० मिलिग्रॅम हे १५०० च्या तोडीचं ठरलं. तुम्हाला नेमकं किती, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. एक करा, लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका. कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही.

आणि सासूबाईंना सांगा, काळजी रास्त होती, फक्त आरोपी चुकीचा धरला.

प्रश्न : प्रत्येक बाळंतपणाला आईचा एक दात जातो म्हणतात. खरं का?

माझ्या आईच्या दोन दाढा गेल्या आणि आम्ही भावंडं दोन. तिने हिशोब आयुष्यभर तोंडी ठेवला.

खरं नाही. दातातलं कॅल्शियम असं काढून घेता येत नाही. तिथे हाडासारखी रोजची मोडतोड-बांधणी चालत नाही. दात जातात ते हिरड्या सुजण्याने, किडीने, सततच्या ओकाऱ्यांतल्या आम्लाने. बाळाला नऊ महिन्यांत एकूण लागतं सुमारे ३० ग्रॅम, आणि आईच्या हाडांत असतं जवळपास एक किलो. शिवाय ते ३० ग्रॅमही मुख्यतः हाडांतून जात नाही. गरोदरपणात आतडं कॅल्शियम शोषायचं प्रमाण जवळजवळ दुप्पट करतं, आणि तेही पहिल्या तिमाहीपासून. बाळाची मोठी मागणी यायच्या कितीतरी आधी. हाडांची खरी उचल होते ती अंगावर पाजताना, आणि दूध तोडल्यावर काही महिन्यांत तीही बहुतेक भरून निघते.

रिपोर्टवर ‘एकूण कॅल्शियम’ थोडं कमी दिसलं म्हणून घाबरून लिहिणाऱ्या आणखी दोघींना : गरोदरपणात रक्त पातळ होतं, त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होतं, त्याला चिकटलेलं कॅल्शियम कमी मोजलं जातं. मोकळं, कामाचं कॅल्शियम सहसा जागेवर असतं.

प्रश्न : माझी नात २९ व्या आठवड्यात जन्मली. आता दीड महिन्याची आहे, घरी यायची आहे. डॉक्टर दर काही दिवसांनी ‘हाडांची तपासणी’ म्हणून रक्त घेतात आणि आईच्या दुधात पावडर मिसळतात. आईचं दूध पुरत नाही का?

आजोबा, दुधात खोट नाही. वेळापत्रकात आहे.

ते ३० ग्रॅम नऊ महिन्यांत सारखे वाटून जात नाहीत. २४ व्या आठवड्याला वार दिवसाला जेमतेम ६० मिलिग्रॅम पाठवत असते, शेवटी ती ३०० च्या वर जाते. पाचातले चार हिस्से शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. तुमची नात नेमकी ती तेजी सुरू होताना बाहेर आली. आईचं दूध हे पूर्ण दिवसांच्या बाळासाठी बेतलेलं असतं, ज्याने आपली शिदोरी आधीच बांधून आणलेली असते. वार ज्या वेगाने कॅल्शियम आणि फॉस्फरस ढकलत होती, तो वेग नुसत्या दुधाला गाठता येत नाही, म्हणून ती पावडर. रक्तात फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज पाहतात, त्यावरून हाड बांधलं जातंय की झिजतंय याचा अंदाज येतो. विचारायचंच तर डॉक्टरांना हे विचारा : पावडर घरी किती दिवस चालू ठेवायची, ड जीवनसत्त्वाचे थेंब किती, आणि पुढची तपासणी कधी.

पूर्ण दिवसांच्या बाळालाही नाळ कापल्यावर एक धक्का बसतोच, बरं का. चढावरचा पुरवठा एका क्षणात बंद. पहिल्या दिवस-दोन दिवसांत त्याचं कॅल्शियम उतरतं, मग त्याच्या परावटू ग्रंथी जाग्या होतात आणि गाडी रुळावर येते.

प्रश्न : तुम्ही स्वतः वारेवर काम केलं आहे असं एकदा लिहिलं होतं. म्हणजे नेमकं काय करत होतात?

मुख्यतः वाट बघत होते.

आईची परवानगी आधीच घेतलेली असायची. प्रसूतिगृहातून निरोप आला की बर्फाची पेटी घेऊन पळायचं. वार अर्ध्या तासात थंड झाली नाही तर पंप मरतात. मग थंड खोलीत, स्वेटर घालून, रक्त धुऊन निघेपर्यंत तिचे तुकडे खळबळायचे. त्यातून पडद्याचे सूक्ष्म फुगे वेगळे करायचे आणि किरणोत्सारी कॅल्शियम-४५ त्यांच्यात शिरतं का ते मोजायचं. बाळाकडच्या बाजूचे फुगे एटीपी दिल्याशिवाय ढिम्म हलायचे नाहीत. एटीपी टाकलं की मोजणीयंत्राचे आकडे चढायला लागायचे. ती चढण मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तरी मागच्या अंकात ‘झिरपत’ लिहिलं.

सगळ्यांत मोठा शत्रू काच. साध्या काचेतूनही कॅल्शियम सुटतं, नळाच्या पाण्यात तर असतंच. पहिले दोन महिने मी वारेचं कॅल्शियम मोजत नव्हते, भांड्यांचं मोजत होते. मग सगळं प्लास्टिकमध्ये, आम्लाने धुतलेलं.

प्रथिनांसाठी एक रंग होता, स्टेन्स-ऑल. प्रथिनं वेगळी करायला एक लिबलिबीत पापुद्रा वापरतात, त्याला जेल म्हणतात. ती या रंगात बुडवली की तिच्यावरची बहुतेक प्रथिनं गुलाबी होतात आणि कॅल्शियम बांधणारी निळी. कॅल्मोड्युलिन वेगळं काढायचं तर अर्क चक्क उकळायचा. बाकीची प्रथिनं साकळून तळाशी बसतात, हे बेटं वर तसंच राहतं. पहिल्यांदा ती निळी रेघ माझ्या जेलवर उमटली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. फोटो सकाळी काढू म्हणून जेल टेबलावर ठेवून मी घरी गेले. तो रंग उजेडात उडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलेलं, आणि जेल काचेसारखी स्वच्छ. पुढची वार मिळायला अकरा दिवस लागले.